इंजिन ऐकण्याआधी गाडीखाली झोपा

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओतूरजवळ चार एकर शेती, टोमॅटो आणि कांदा. दरवेळी भाड्याची गाडी करावी लागते. कल्याणच्या एका फेरीला भाडेवाला 4,500 घेतो आणि शंभर क्रेट नेतो. आता 2014 ची बोलेरो पिकअप 3 लाख 40 हजाराला मिळतेय, रंग नवा, इंजिन 'एक नंबर', मीटरवर 1 लाख 62 हजार किलोमीटर. घ्यावी का, आणि घेतली तर दुरुस्तीला किती धरावेत?

गाडी न बघता सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे आधीच कबूल करतो. पण माझं गॅरेज पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, वीसेक वर्षं हेच काम करतोय, आणि अशा पिकअप रोज माझ्या तपासणीच्या खड्ड्यावर येतात. त्या अनुभवावर बोलतो.

सुरुवात गाडीपासून नको, क्रेटपासून करू. क्रेटमध्ये माल साधारण 20 किलो, प्लास्टिकचं वजन धरून 22. शंभर क्रेट म्हणजे 2,200 किलो. आता विकणाऱ्याकडून आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मागा आणि त्यावरचे दोन आकडे बघा: भरलेल्या गाडीचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. एकातून दुसरं वजा केलं की कायद्याने किती माल भरता येतो ते कळतं. बोलेरो पिकअपची वेगवेगळी मॉडेलं आहेत. तुमची सव्वा-दीड टनाच्या आतली, म्हणजे 1.3 टनाची निघाली, तर तिच्यात बसतात जेमतेम 58-59 क्रेट. 1.7 टनाची असली तरी 77. शंभर कुठेच बसत नाहीत. भाडेवाला नेतो, कारण गाडी त्याची आणि धोकाही त्याचाच. पकडली तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या बदलानंतर जादा वजनाचा दंड 20,000 पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय माळशेज घाट उतरताना तो जादा टन ब्रेकवर येतो, ते वेगळंच.

आता हिशेब मांडा. कल्याण जाऊन-येऊन 220 किलोमीटर धरू. भरलेली गाडी बाराचं ॲव्हरेज देईल, म्हणजे अठरा लिटरवर डिझेल, 90 रुपयांनी 1,650. ड्रायव्हर 700. टोल, चहापाणी, टायर-ऑइलची झीज मिळून 500. झाले 2,850. भागिले 58 क्रेट, क्रेटमागे 49 रुपये. भाडेवाला शंभर क्रेटचे 4,500 घेतो, म्हणजे क्रेटमागे 45. आणि माझ्या 49 मध्ये विमा, पासिंग (फिटनेस तपासणी), घसारा काहीच धरलेलं नाही. स्वतः चालवलीत तर ड्रायव्हरचे 700 वाचतील, पण तो दिवस शेतातून गेला.

म्हणजे फक्त कल्याणसाठी घेत असाल तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. पण नारायणगावला रोज संध्याकाळी तोडलेला माल न्यायचा, ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या टाकायच्या, खत, औषधं, ड्रिपचे पाइप आणायचे, शेजारच्या दोघा-तिघांचा माल भाड्याने न्यायचा, असं असेल तर गणित फिरतं. तिथे भाडं वाचतं त्याहून जास्त वेळ वाचतो. तोडणी झाली आणि गाडी आली नाही, हे दुखणं तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा वर्षात किती फेऱ्या, कुठल्या, हे वहीत लिहा. कल्याणला सध्या भाड्याचीच गाडी राहू द्या. उभी गाडीसुद्धा वर्षाला विमा, पासिंग, बॅटरी, टायर धरून साठ-सत्तर हजार खाते. वर्षाला शंभर-सव्वाशे छोट्या फेऱ्याही निघत नसतील तर पुढचं वाचू नका, पैसे ठिबकला लावा.

फेऱ्या निघत असतील, तर आता गाडीकडे येतो.

तुम्ही लिहिलंय की मिस्त्रीला घेऊन गेलात, त्याने इंजिन चालू करून ऐकलं आणि ओके दिलं. तिथंच घोडं पेंड खातं. इंजिन खराब निघालं तर पैसे जातात, पण ते दुरुस्त होतं. हाफ इंजिन करा, फुल करा, सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात. चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गेलेली असेल किंवा कागद अडकलेले असतील, तर तुम्ही 3 लाख 40 हजारांचं भंगार घेतलं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक-स्टीअरिंग आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. 2011 साली गॅरेजच्या सामानासाठी आणि जमलं तर भाड्यासाठी मी स्वतः एक पिकअप घेतली. ताजा पांढरा रंग, हौद्याला (मागच्या माल भरायच्या भागाला) हिरवी पट्टी, फाळक्यावर (त्याच्या मागच्या झडपेवर) नवी नक्षी. अर्धा तास इंजिन ऐकलं, खूश झालो. मेकॅनिक असून खाली वाकलो नाही, कारण पांढरा शर्ट घातला होता. तीनेक महिन्यांनी माळशेजच्या वर चहाला थांबलो, गाडीकडे बाजूने बघत होतो. केबिन आणि हौद्यामधली फट खाली चार बोटं आणि वर दोनच. आधी वाटलं, हौदा सरकला. गॅरेजला आणून खड्ड्यावर घेतली, तर केबिनच्या जरा मागे चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर जुनं वेल्डिंग, वर जाड काळा रंग. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली केसाएवढी चीर. वजनाने गाडी मधून बसत चालली होती.

म्हणून गाडी बघायला जाताना जुने कपडे घाला. बरोबर टॉर्च, दोरी, छोटा हातोडा आणि एक फडकं न्या.

पहिल्यांदा लांब उभं राहून गाडी बाजूने बघा. केबिन आणि हौद्यातली फट वर-खाली सारखी हवी. मग खाली झोपा. टॉर्च तीन ठिकाणी मारायचा: केबिनच्या मागचा भाग, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चेसिसला रिव्हेट केलेत ते, आणि स्टीअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं, सरळ असतं. गावात केलेलं गाठीगाठीचं असतं. बाकी चेसिस धुळीने मळलेली आणि एकाच हातभर जागेत काळा रंग चमकतोय, तर तो रंग कशासाठी मारलाय ते विचारा. हातोड्याने ठोकत जा. पत्रा खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला की आतून गंजलाय.

नंतर मागचे पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, आणि मधे एखादा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या रंगाचा जादा पाटा घातलाय का. जादा पाटा हा गाडीचा जबाबच असतो: मी आयुष्यभर जादा वजन वाहिलं. पाटा वाढवून गाडी खाली बसत नाही एवढंच. ते वजन हँगरवर, ॲक्सलवर आणि चेसिसवर येतंच. कधी कधी गाडी त्यातूनही चांगली राहते, पण मग बाकी तपासणी दुप्पट कडक करा.

दोरीचं काम असं. स्टीअरिंग सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणून माप घ्या, गाठ मारा. तीच दोरी दुसऱ्या बाजूला लावा. बोटभराचा फरक आला तर एक तर मागचा ॲक्सल सरकलाय, म्हणजे पाटे जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटलाय, किंवा गाडीने कुठेतरी मोठी धडक खाल्लीय. सेंटर बोल्ट स्वस्तातलं काम आहे. धडक नाही. ह्या दोन मिनिटांच्या मापाने मी गेल्या वर्षी दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं, त्यांना राग आला तरी.

चेसिसवर ठोकलेला नंबर फडक्याने पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकड्यांभोवती ग्राइंडर फिरलेला दिसला तर चहासुद्धा न घेता निघा.

कागदांवर आलोच आहे तर तेही सांगतो. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, फिटनेसची तारीख, विमा, टॅक्स आणि बँकेचा बोजा बघा. ई-चलन वेगळं तपासा. मालवाहू गाडीवर बाकी पडलेली चलनं बरीच निघू शकतात. गाडी तीन हात फिरलेली, पण आरसी अजून पहिल्याच्याच नावावर, हे आपल्याकडे सर्रास चालतं. अशा वेळी मधल्याशी विसार करू नका, आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच समोर बसवा. तो टाळाटाळ करू लागला तर त्याला सांगा की नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाई त्याच्याच गळ्यात येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसंच धरलंय. हे ऐकलं की माणूस सहीला येतो. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. नुसता 'हप्ते संपलेत' हा शब्द चालत नाही. फायनान्सने ओढलेली गाडी स्वस्त मिळते, पण ती महिनोन् महिने उघड्यावर उभी असते, सील आणि वायरिंग सडतं, हे धरून भाव करा.

2014 ची गाडी आठ वर्षांच्या पुढे गेलीय. म्हणजे फिटनेस दरवर्षी, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागू. पासिंग संपत आलं असेल तर ते विकणाऱ्याकडूनच करून घ्या. एजंटकडून 'मॅनेज' नको, गाडी खरोखर उभी करून. पासिंगला लागणारी कामं त्याच्या खिशातून झाली की तुमचे वाचले. नवी नंबरप्लेट, एचएसआरपी, लागलीय का तेही बघा, एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे. आणि 2029 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. तिथून फिटनेसची फी आणखी वाढते आणि विकायला गेलात तर भाव पडतो. तुमच्याकडे खऱ्या अर्थाने तेवढीच वर्षं आहेत, त्या हिशेबाने किंमत लावा.

परमिटचं एका ओळीत: एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर लागत नाही, वर असेल तर लागतं. लायसनचं तुम्ही विचारलंय. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन मालवाहू पिकअपलाही चालतं, नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो घोळ मिटवलाय. मात्र हौद्यात मजूर बसवू नका. कितीही जवळचं रान असलं तरी. मालवाहू गाडीच्या विम्यात फुकट बसवलेला माणूस धरत नाहीत, आणि काही झालं तर जमीन विकायची पाळी येते.

मीटरचं काय? कामाची गाडी दिवसाला 80 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस चालली तरी वर्षाचे 24,000 होतात. दहा वर्षांत दोन लाख चाळीस हजार. 1 लाख 62 हजार अशक्य नाही, पण मी मानणार नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या दांड्याची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी, दाराकडची कड बघा. रबर नवं कोरं आणि पेडलचं लोखंड मात्र झिजलेलं, तर उत्तर मिळालं.

आता इंजिन. अट एकच: तुम्ही पोचाल तेव्हा ते थंड हवं. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं किंवा गुलाबी कूलंट हवं. गंजकं लाल पाणी असेल तर रेडिएटर आणि वॉटर पंप धरून चाला, वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. मग स्टार्ट. दोन सेल्फमध्ये उचलली पाहिजे. चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण सैल करून वर ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडायला लागलं आणि खालून धुराचे फुंकारे आले, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. निळा धूर ऑइलचा. काळा डिझेलचा, नोझल-पंप किंवा नुसता एअर फिल्टर. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी जळत असण्याची शंका.

डिझेल पंप कुठला आहे हेही बॉनेट उघडून मिस्त्रीला विचारा. 2017 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत साधा यांत्रिक पंप सापडतो, त्याचं काम तालुक्यात होतं. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा) असेल तर इंजेक्टर, सेन्सर आले, आणि स्कॅनर असलेला माणूस लागतो. तुमच्या वापराला मी साधा पंप पसंत करेन, ॲव्हरेज थोडं कमी आलं तरी.

रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते. तेव्हा चाचणी भरून घ्या. वीस गोण्या कांदा नाहीतर सिमेंट टाका, विकणारा कुरकुरेल, हमालीचे पैसे तुम्ही द्या. चढावर तिसऱ्यात ओढतेय का, क्लच जळाल्याचा वास येतो का, टेम्परेचरचा काटा कुठे जातो. उतारावर पाय सोडला की दुसरा किंवा तिसरा गिअर उडतोय का. ॲक्सिलरेटर दिला की मागून घूं आवाज आणि सोडला की बंद, म्हणजे क्राऊन-पिनियन, मागच्या ॲक्सलमधले गिअर. ब्रेकचा बूस्टर असा बघा: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पंप, पाइप किंवा बूस्टर.

आता दुरुस्तीचा आकडा. माझा ठोकताळा: ज्या भावात घ्याल त्याच्या चौथाई रक्कम बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत 85,000. तेवढे हातात नसतील तर 3 लाख 40 ची गाडी तुमच्यासाठी नाही, 2 लाख 80 ची शोधा. विकत घेण्यातच सगळा पैसा घातला की मग ब्रेक 'पुढच्या महिन्यात' जातात.

ते 85,000 कुठे घालायचे? पहिल्यांदा थांबवणं आणि वळवणं: ब्रेक पॅड, मागचे लायनर, व्हील सिलिंडरची किट, सगळं ब्रेक ऑइल नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. बाटली फार तर काही शे रुपयांची, पण जुन्या गाडीत ते ऑइल बदलल्याचं मी क्वचितच बघितलंय. टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, शॅकल पिना, व्हील बेअरिंग ग्रीस. माझ्याकडे हे सगळं वीस-पंचवीस हजारांत बसतं. टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) असतील तर निदान पुढचे दोन नवे. बाजूला चार आकडी शिक्का असतो, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गोटी (टायरची नक्षी) चांगली दिसली तरी इतका जुना टायर भरल्या गाडीला नको.

त्यानंतर थंड ठेवणं: रेडिएटर उतरवून सफाई, सगळे होस, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट, कूलंट. ही इंजिनं मरतात ती बहुधा तापून. थर्मोस्टॅट काढून टाकणारा मिस्त्री भेटला तर गाडी दुसरीकडे न्या. मग सगळी ऑइलं आणि फिल्टर, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचं तेलसुद्धा. मग वायरिंग, मागचे दिवे, रिफ्लेक्टर. क्लच शेवटपर्यंत चालवून बघा, गेला की टाका. इंजिन उघडायची घाई करू नका. हजार किलोमीटरला थोडं ऑइल खाणारं इंजिन टॉप-अप करत एखादा हंगाम आरामात काढतं.

हौद्याच्या पत्र्यात मात्र कंजूषी नको. टोमॅटोचं पाणी आंबट, त्यात खताची पोती, पत्रा दोन वर्षांत चाळणी होतो. खाली चेकर्ड प्लेट घाला, कोपऱ्यात पाणी निघायला भोकं ठेवा आणि हंगाम संपला की धुऊन काढा. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या बदला. रंग वगैरे वर्षाने. ताज्या रंगाखाली किती लांबी (पुटी) भरलीय ते अजून तुम्हालाही माहीत नाही.

भावाचं म्हणाल तर पासिंग शिल्लक, चेसिस स्वच्छ आणि पहिला मालक समोर, तर 3 लाख 10 ला मागा, 3 लाख 25 पर्यंत जा. यातली एक जरी गोष्ट गळाली तर हात आखडा. 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. ते गिऱ्हाईक क्वचितच येतं.

घेतलीत तर पाट्यांचं काम केल्यावर पाचशे किलोमीटरने यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, नवे बोल्ट बसताना सैल होतात. पण त्याच्या आधी, रविवारी गाडी बघायला जाल तेव्हा केबिन आणि हौद्यामधल्या फटीचा बाजूने एक फोटो काढून पाठवा. खाली किती बोटं, वर किती बोटं, तेही लिहा.